यंत्राजवळची खुर्ची

"बाबा, ती खुर्ची बाहेर काढा," ती पुन्हा म्हणाली.

बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. स्टुलावर चढून ते नव्या पंख्यावरची नसलेली धूळ पुसत होते. भिंतीला भगदाड पाडून बसवलेला पंखा, कपडे धुण्याच्या औषधाची घट्ट झाकणांची पिंपं, दारावरची तांबडी पाटी. केंद्र सरकारच्या नव्या नियमांत जे जे होतं, ते ते त्यांनी केलं होतं. राहत्या इमारतींखालच्या ड्रायक्लीनच्या दुकानांसाठी हे नियम निघाले होते आणि त्यांच्यापायी पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानाला टाळं लागलं होतं. आज इन्स्पेक्टर इथे येणार होता.

राहिली होती फक्त खुर्ची. यंत्राच्या खोलीत बसण्याची कोणतीही सोय असता कामा नये, असं एक कलम होतं.

"हे असलं कुणाला सुचलं असेल ग?" बाबांनी तिच्याकडे न बघता विचारलं. "पंखा समजतो, पिंपं समजतात. खुर्चीनं कुणाचं काय घोडं मारलंय?"

"मला काय विचारता? काढा म्हणजे झालं."

"गार खोलीत बसून लिहिणारे! जन्मात इस्त्री धरलेली नसणार."

ती खुर्चीकडे वळली. खुर्ची वेताची होती. एक हात मोडका, त्याला चिंध्या गुंडाळलेल्या. यंत्राला जवळजवळ चिकटून ठेवलेली, कारण थंडीत दुकानात उबेची जागा तेवढी एकच. बाबांनीच ती तिथे मांडून दिली होती. आई तिच्यात बसून बटणं लावायची. धुलाई संपली की हात लांबवून यंत्राचं दार उघडायची, कपडे गरम असतानाच मांडीवर ओढून घ्यायची, आणि औषध उडालं का ते बघायला एकेक कपडा नाकाशी धरायची. लहानपणी शाळेतून आली की ती आईच्या कुशीत शिरायची. तो गोडसर, डोकं जड करणारा वास तिला कितीतरी वर्षं आईचाच वाटायचा. शेवटी इस्पितळात आईच्या अंगाला तो वास येईना, तेव्हा तिला भलत्याच बाईपाशी बसल्यासारखं वाटलं होतं.

काउंटरवरून शेजारचा सलूनवाला डोकावला. त्यानं नुकतंच इथे दुकान थाटलं होतं.

"काय काका, आला का सरकारी जावई?"

"यायचाय अजून."

"कधी आलात ताई? तुमच्या राजधानीत जरा सांगा की कुणाला. आज ड्रायक्लीनवाल्यांची खुर्ची गेली, उद्या आमची नेतील. उभ्यानं दाढी केली तर गिऱ्हाईकाचं नाक राहील का जागेवर?"

बाबा हसले. ती जरा उशिरानं हसली.

"ही कुणाला सांगणार?" बाबा म्हणाले. "सरकारी कचेरीत कागदाला कागद टाचते. ही बोलली की टाचणी तेवढी हलत असेल."

सलूनवाला गेला. तिनं खिडकीतून रस्ता पाहिला.

"बाबा, दुकान जाईल. एका खुर्चीपायी."

"तुझ्या आईचं सगळं देऊन टाकलं मी. कपडे दिले, चपला दिल्या, चष्मासुद्धा दिला. ही एवढी राहू दे, चिमणे."

मग तिनं स्वतःच उचलायला हात घातला. बोटांना चिंध्या लागल्या आणि हात तिथेच राहिला.

तेवढ्यात बाहेर दाराची घंटी वाजली.

ती जवळजवळ धावतच पुढे गेली. इन्स्पेक्टर तरुण होता, सर्दीनं बेजार, नाकाला रुमाल लावलेला. तिनं त्याला बसवलं, पाणी दिलं, चहा हवा का विचारलं. मागे नेण्याआधी जेवढा वेळ काढता येईल तेवढा हवा होता.

"पंखा बसवलाय. पिंपांना झाकणं आहेत," ती भराभर म्हणाली. "वडील म्हातारे आहेत. एखादी बारीकसारीक गोष्ट राहिली असली तर…"

"बाकीचं चालवून घेऊ हो, पहिली खेप आहे. सुधारायला वेळ देता येतो." तो शिंकला. "फक्त ते बसण्याचं कलम सोडून. ते का घातलंय, देवच जाणे. दर दुकानात त्याच्यावरूनच भांडण. पण वरून सक्त ताकीद आहे. दुसरं काहीही माफ करा, हे नाही. खुर्ची दिसली की टाळं."

यंत्राच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"चला, बघू या," इन्स्पेक्टर उठला.

तिनं दार ढकललं.

खोलीत बाबा नव्हते. स्टूल नव्हतं. यंत्राशेजारी फरशीवर खुर्चीच्या पायांचे चार फिके ठसे तेवढे होते. मागचं दार उघडं होतं.

इन्स्पेक्टरनं पंखा चालवून पाहिला, पिंपांवर टिचक्या मारल्या आणि "छान ठेवलंय" म्हणाला. जाता जाता त्यानं कोट धुवायला टाकायचे दर विचारले. तो गेला तरी ती काउंटर धरून उभी होती. मग मागच्या अंगणात आली.

बाबांनी खुर्ची उन्हात मांडली होती. स्वतः बाजूला स्टुलावर बसून ते चिंध्यांची सुटलेली गाठ पुन्हा बांधत होते.

"काढलीत शेवटी," ती म्हणाली.

त्यांनी गाठ आवळली. मान वर केली नाही.

"तुझी आई कुठे बसायची, हे पाहिलेली माणसं आता दोनच उरलीत," ते म्हणाले. "आणि मी काही कायदा लिहिलेला नाही."