पेठेचा गोली

पेठेच्या फुटबॉल टीमचे कट्टर समर्थक सर्जेराव यांच्या मते टीमचा फॉरवर्ड वाघ होता, बचावफळी भिंत होती आणि गोलकीपर सोहेल म्हणजे नुसती साडेसाती.

फायनलला सोहेलच्या हातून चेंडू निसटला, गोल झाला आणि टीम हरली. संतापलेली पेठ मैदानात घुसली. सर्जेरावांनीच आधी सोहेलची कॉलर धरून हात उगारला, तेवढ्यात मागून कुणीतरी पोराच्या डोक्यात खुर्ची घातली. तो कोसळला आणि लाथा सुरू झाल्या. त्याच्या तोंडातून रक्त आलेलं बघून सर्जेराव त्याच्यावर आडवे पडले.

"माझा गोली हाय! शिव्या मी घालणार, हात कुणी लावायचा न्हाई!" लाथांनी स्वतःच्या बरगड्या मोडेपर्यंत ते ओरडत राहिले.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवरून सोहेलनं विचारलं, "मामा, कशाला मधी पडलासा?"

सर्जेराव कण्हतच खेकसले, "दुसरा गोली हाय का आपल्याकडं?"