शंभरातला सव्वादोन भाग

द्वारकाबाईंनी मुलाच्या फोटोजवळची काचपट्टी रेवतीच्या हाती दिली. श्रीरंग गेला तेव्हा त्याचा शोधनिबंध अर्धा राहिला होता. त्याची ही विद्यार्थिनी पट्टी तपासून तो पुरा करणार होती.

"काकू, यावर सरांनी काळ्या कार्बनचा एका अणूइतका पातळ थर चढवलाय. डोळ्यांना दिसत नाही, पण शंभरातला सव्वादोन भाग उजेड पिऊन टाकतो."

तिने पट्टी बरोबर आणलेल्या, आरपार येणारा उजेड मोजणाऱ्या मीटरवर ठेवली, उलटून पुन्हा ठेवली.

"कोऱ्या काचेएवढाच उजेड येतोय. ही कुणी पुसली का हो?"

"मीच की. वर्षभर, रोज फोटोबरोबर पदराने घासते. त्याच्या वस्तूवर धूळ कशी बसू देईन?"

रेवतीने मीटर बंद करून पट्टी परत फोटोजवळ ठेवली.

द्वारकाबाई पदराचा काठ उन्हात धरून कुठे काळं काही दिसतंय का, ते शोधत राहिल्या.