पहिली दाढी

सलूनवाल्याने मिसरूड फुटलेल्या आपल्या मुलाला पहिल्यांदाच दाढीच्या खुर्चीत बसवलं. घरी समोरासमोर बसून जे सहा महिने ओठांवर येत नव्हतं, ते त्याने आरशाकडे बघत, फेस लावता लावता सांगून टाकलं. आवाज का फुटतो, झोपेत चड्डी ओली झाली तर का घाबरायचं नाही, कुणी आवडलं तर कसं वागायचं आणि समोरून नकार आला तर तिथेच का थांबायचं. मुलाचे कान लाल झाले, पण त्याने तीन प्रश्न विचारले. बापाला दोनांचीच उत्तरं आली.

"तिसरं मलाही नाही माहीत रे. डॉक्टरांना विचारू, दोघं जाऊ."

मुलगा इतका हसला की वस्तरा लांब धरावा लागला.

मागच्या बाकावर शाळेतले मास्तर नंबर लावून बसले होते. इतक्या वेळात त्यांनी पेपरचं एकही पान उलटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या मुलाला घेऊन हजर.

"याचीही दाढी करा."

सलूनवाल्याने पोराची गुळगुळीत हनुवटी पाहिली. "अहो, कशाची करू?"

"दाढी राहू द्या हो," मास्तर कानाशी पुटपुटले, "ते कालचं तेवढं सांगा."

सलूनवाल्याने हसत पोराला बाहेर खेळायला पाठवलं आणि खुर्ची झटकली. "मास्तर, तुम्ही बसा. मी तुम्हाला सांगतो, त्याला तुम्ही सांगायचं."

मास्तर बसले, आरशात बघून लाजले आणि म्हणाले, "सावकाश सांगा हं. मला कुणी सांगितलंच नव्हतं."