ठसका

हसनाबादला गोजरबाईनं मिरचीची फोडणी टाकली, की भिंतीपलीकडून झुंबरबाई खोकत यायची. "मारती का काय आम्हाला? काय करून राह्यली एवढं?" म्हणत उंबऱ्यात बूड टेकायची, ती दिवस मावळेपर्यंत हलायची नाही.

अमेरिकेत लेकाच्या, संपतच्या घरी छताला एक पांढरी डबी होती. पहिल्याच आठवड्यात मिरच्या भाजताना धूर झाला आणि ती डबी किंचाळायला लागली. शेजारची गोरी बाई दार ठोकत आली, पाठोपाठ आगीचा बंब आला. बंबावरच्या एका दांडग्या माणसानं भेदरलेल्या गोजरबाईला खुर्चीवर बसवलं आणि तिचा हात हातात धरून कितीतरी वेळ काहीबाही बोलत राहिला.

संध्याकाळी संपत तिच्यावर खेकसला. "माय, खिडकी उघडत जाय, पंखा लावत जाय. पुन्हा असं झालं तर हे घर खाली करावं लागंल आपल्याला!"

"न्हाई होणार, बाबा."

मग बर्फ पडायला लागला. लेक-सून सकाळी बाहेर पडले, की दिवेलागणीपर्यंत त्या घरात माणसाचा म्हणून आवाज नसायचा. गोजरबाई कधी भिंतीशी बोलायची, कधी नळाशी.

आज दोघं कामावर गेल्यावर तिनं खिडकी घट्ट लावली, पंखा बंद केला, तापल्या तव्यावर मूठभर लाल मिरच्या टाकल्या आणि खोकत खोकत, दाराकडे तोंड करून, खुर्चीवर बसली.