कोरी जाकिटं

जाकीट एक कमी होतं.

फ्रँकनं टेबलाखाली बघितलं, कपाटात पुन्हा हात घातला. तळाला प्लॅस्टिकची एक पिशवी हाताला लागली, तीही रिकामी. बाकीची केशरी लाइफ जाकिटं सोसायटीच्या ऑफिसात लांब टेबलावर ओळीनं मांडली होती, आली तशी पिशवीबंद. कंपनीची माणसं कुठल्याही क्षणी येणार होती. 

उत्तनच्या या मच्छीमार सोसायटीचा तो सेक्रेटरी. जाकिटं मागच्या वर्षी एका मोठ्या कंपनीनं सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या पैशातून दिलेली. कंपनीच्या लेखी उत्तन म्हणजे दुर्गम भाग. भाईंदर स्टेशनावरून इथं सरळ बस येते हे त्यांना सांगून आपल्याच पायावर धोंडा कोण मारून घेणार? आज जाकिटांची पाहणी होती. ती नीट पार पडली की कंपनी बर्फाची खोली बांधून देणार होती. मग दलाल देईल त्या भावाला मासळी टाकायला नको, दोन दिवस थांबून विकता येईल. सगळं गाव त्या खोलीकडं डोळे लावून बसलं होतं.

म्हणून तर फ्रँकनं जाकिटं जिवापाड जपली. कुठल्याशा गावानं असंच मिळालेलं सामान वापरून मळवलं, आणि कंपनी तिकडं पुन्हा फिरकली नाही, असं त्याच्या कानावर आलं होतं. आली त्याच दिवशी त्यानं जाकिटं कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं. कोणी मागितलं की एकच उत्तर, "कंपनीला बघून जाऊ दे, मग घाला नि नाचा." बुडणाऱ्यासाठी आलेली वस्तू मळेल म्हणून कपाटात ठेवायची, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. पाहुण्यांच्या कपबश्या नाही का आपण ठेवत?

"कुलूप तर शाबूत हाय," सोसायटीचा अध्यक्ष रामनाथ म्हणाला. "चावी कोणाकडं असते?"

"माझ्याकडं. घरी, खिळ्याला."

"मग?"

त्या 'मग'नं फ्रँकच्या तोंडचं पाणीच पळालं. म्हणजे आता लोक म्हणणार, फ्रँकनंच विकून खाल्लं. इतकी वर्षं सोसायटीचा चहासुद्धा तो स्वतःच्या खिशातून प्यायला, ते कोण लक्षात ठेवतंय. रविवारी चर्चमध्ये मिस्साला कुठल्या तोंडानं जायचं? आणि खोली गेली तर बायका दारात येऊन शिव्या देतील, त्या वेगळ्याच.

"ज्यानं नेलं त्याचं वाटोळं होईल," तो म्हणाला. त्यानं कपाटाचं दार आपटलं. "कोणी का असंना, पोलिसांत देतो की न्हाय बघ."

रामनाथ रिकामी पिशवी उलटीपालटी करत होता. "विकायला नेणारा पिशवीसकट नेतो, फ्रँक. कोऱ्या मालाला भाव असतो. हे घालायला नेलंय कोणीतरी."

"घालायला? दोन दिवस दम निघत नव्हता?"

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. कंपनीच्या दिशा मॅडम आत आल्या, मागून त्यांचा फोटोग्राफर. टेबलाकडं बघून मॅडम खूश झाल्या. "अंकल, किती छान ठेवलीत. एकदम नवी वाटतायत." फ्रँक रिकाम्या जागेपुढं पोट काढून उभा राहिला आणि उगाच हसला. मॅडम मात्र कामाच्या पक्क्या. टेबलाच्या एका टोकापासून बोट नाचवत त्या मोजत निघाल्या. बोट जवळ यायला लागलं तसा फ्रँक आणखी पसरून उभा राहिला.

"एक कमी आहे, अंकल. चोरीला गेलं का?"

फ्रँकनं उगाच पहिल्यापासून पुन्हा मोजायला घेतलं. आणि त्याच वेळी त्याची बायको ॲलिस दारात आली. अनवाणी, धापा टाकत. ती कधी ऑफिसात पाऊल टाकत नसे.

"सॅव्हियोची होडी," ती म्हणाली. "खडकाजवळ पालथी पडलीय. शेजारच्या कार्लनं बघितली."

"आणि सॅव्हियो?"

"तो न्हाय दिसला."

सॅव्हियो त्यांचा एकुलता एक मुलगा. पहाटे एकटाच जाळं काढायला गेला होता. शोधायला दोन बोटी निघाल्यात, ॲलिस सांगत होती, पण वारा वाढलाय, पाण्याला ओढ हाय, तो किती येळ पाण्यात हाय कोणाला ठाऊक. किती पोहेल तो? किती येळ हात मारेल?

फ्रँकनं टेबलाची कड घट्ट धरली. काल संध्याकाळचं सगळं त्याला आठवलं. जेवताना सॅव्हियो म्हणाला होता, "पप्पा, वारा फिरलाय. एक जाकीट दे. परत आणून ठेवीन." आणि मान वर न करता फ्रँक म्हणाला होता, "सेक्रेटरीच्या पोराला वेगळा नियम हाय का?"  पोरगा ताटावरून उठला.

"निघताना त्याच्या अंगावर काय व्हतं?" फ्रँकनं विचारलं.

"मी झोपेत व्हते." ॲलिस रडायला लागली. "न्हाय बघितलं मी."

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली केला. रामनाथ किनाऱ्याच्या दिशेनं धावत सुटला. दिशा मॅडम पुढं झाल्या, चाचरत म्हणाल्या, "अंकल, तुम्ही जा. जाकिटाचं आपण नंतर बघू."

फ्रँक दाराकडं वळला. पण त्याची नजर टेबलावरच्या रिकाम्या जागेकडं गेली. तो होता तिथंच गुडघ्यांवर बसला आणि त्यानं हात जोडले.

"देवा," तो म्हणाला, "चोर माझाच पोरगा असू दे."