सहा पंचांचे कोट

“घंटेचा मनोरा उजव्या अंगाला. म्हणजे हे खालचंच चर्च. वाद मिटला,” शहरातून आलेले पाळक म्हणाले आणि त्यांनी जुना फोटो टेबलावर ठेवला.

खालच्या चर्चवाल्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रेस्बिटेरियन पंथाचा माणूस टाळ्या वाजवत नाही, फार तर चहात साखर जास्त घालतो. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या मोरागने दोन चमचे जास्त घातली.

बेटावरच्या त्या गावात घरं चाळीस आणि चर्चं दोन, एक खालचं, एक वरचं. पाळक कोणी नेमायचा यावरून पणजोबांच्या काळात भांडण झालं. अर्धी मंडळी तरातरा बाहेर पडली आणि रस्त्यापलीकडे दुसरं चर्च बांधून बसली. तोच करडा दगड, त्याच उंच खिडक्या, तसाच बिननक्षीचा दरवाजा. मनोरा तेवढा डाव्या अंगाला, उगीच तुमच्यासारखं नको म्हणून. की डावा आधीचा आणि उजवा नंतरचा? यावर आजतागायत एकमत नव्हतं. दोघंही म्हणत, आम्ही जागेवरच होतो, उठून गेलात ते तुम्ही.

आता दोन्हीकडची मिळून प्रार्थनेला येणारी माणसं उरली एकतीस. शहरातल्या वरिष्ठांचा हुकूम आला, जुनं ठेवा, दुसरं विका. शेजारच्या गावातलं विकलेलं चर्च मोराग बघून आली होती. पर्यटकांसाठी घर केलं होतं त्याचं. प्रवचन जिथून चाले तिथे न्हाणीघर. मोरागचं लग्न खालच्या चर्चात लागलं होतं, नवऱ्याला शेवटचा निरोपही तिथूनच दिला होता. तिथे कुणी परका टबात डुंबणार, या विचाराने तिला महिनाभर झोप नव्हती. तेवढ्यात एका पेटीत हा पत्र्यावरचा फोटो सापडला. चर्चच्या दारात त्याचा कारभार पाहणारे सहा पंच ताठ उभे. मागे लिहिलेलं, ‘आमचं चर्च. गावात दुसरं नाही, देव करो नि कधी न होवो.’

मोरागने फोटो हातात घेतला. डोळे भरून बघावं म्हटलं, आणि तिची नजर कोटांवर अडकली. चाळीस वर्षं तिने कोट शिवले होते. बटणं चुकीच्या बाजूला होती, बायकांच्या कोटाला असतात तशी. एखादा पंच घाईत बायकोचा कोट चढवून आला म्हणावं, तर सहाच्या सहा?

तसले पत्र्यावरचे फोटो आरशासारखे उलटे येत. तिच्या आजीच्या फोटोत तीळ भलत्याच गालावर होता. म्हणजे मनोरा डावा. म्हणजे जुनं चर्च वरचं.

गप्प बसलं तर? कुणाला कळणार होतं? तिने उचललेला कप तसाच खाली ठेवला. मेलं हे आपलं मन, तिला वाटलं, एक साधं खोटं पचवता येत नाही.

वरच्या चर्चचा टॉर्किल दाराशी टोपी घालत होता. शाळेपासून तिच्याशी भांडत आलेला. आज मात्र निकाल ऐकून हूं की चूं केलं नव्हतं त्याने. मोराग फोटो घेऊन त्याच्यापाशी गेली.

“फोटो उलटा आलाय रे. बटणं बघ. जुनं चर्च तुमचं आहे,” ती म्हणाली. “तूच सांग पाळकांना. माझ्याच्याने नाही व्हायचं.”

टॉर्किलने फोटोला हातही लावला नाही. “हळू बोल, बाई. मला कालच कळलंय. टोकाला उभा आहे तो माझा पणजोबा. डाव्या हाताने थोटा होता, इथे उजव्याने दिसतोय.”

“मग तोंडात गुळणी धरून बसलास होय? साठ वर्षं भांडलास की माझ्याशी.”

“भांडलो ते भांडलो.” टॉर्किलने मागे वळून आपली माणसं लांब आहेत ना, ते पाहून घेतलं. “आमचं छप्पर गळतंय गं. ओल्या बाकावर दोन-दोन तास बसून गुडघ्यांची पार वाट लागली. तुमच्याकडे हीटर आहे. तू आपली गप्प राहा, आणि रविवारी जरा सरकून बस.”