मनोहर धोटेचा पेपर

“नाव?” सरोज मॅडमनी पुन्हा विचारलं.

“मनोहर धोटे,” बाकावरच्या मुलाने पुन्हा तेच सांगितलं.

मॅडमनी प्रवेशपत्रावरचा फोटो पाहिला, मग समोरचा मुलगा पाहिला. फोटोत चष्मा लावलेला, सडपातळ, नीट भांग पाडलेला मुलगा होता. समोर बसला होता तो आडव्या खांद्यांचा, उन्हाने रापलेला गडी. पेन त्याने मुठीत घट्ट आवळून धरलं होतं.

“मग हा फोटो कोणाचा? तुझ्या आजोबांचा?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मुलगा खाली बघत राहिला.

सरोज मॅडमना मनोहर धोटे चांगला माहीत होता. मागची दोन्ही वर्षं तो याच हॉलमध्ये परीक्षेला बसला होता आणि त्याच्या उत्तरपत्रिकेवर त्यांनीच सही केली होती. वर्गात तो कधी दिसला नाही, पण हॉकी संघातलं कोणीच वर्गात दिसत नसे. क्रीडाधिकारी राजूरकर सर ‘मुलं मैदानावर आहेत’ असं कळवत आणि सगळ्यांची हजेरी लागे. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या त्या कॉलेजची रीतच होती ती. चांगलं खेळायचं, कसंबसं बी. कॉम. व्हायचं, की खेळाडूंच्या कोट्यातून कारखान्यात नोकरी. मग बाप रिटायर झाला तरी राहतं क्वार्टर हातचं जात नसे.

मॅडमना ही रीत मनापासून खटकायची. इंदूरच्या मास्तराच्या घरात वाढलेल्या त्या. हॉकीच्या मैदानाकडे आपण कधी ढुंकूनही पाहिलेलं नाही, हे त्या स्टाफरूममध्ये अभिमानाने सांगत. अपवाद एकट्या मनोहरचा. बाकीचे खेळाडू काठावर पास होत. याचे पेपर मात्र स्वच्छ आणि नेमके.

“चष्मा लावून हॉकी कशी खेळतो हो हा?” एकदा कोणीतरी विचारलंही होतं.

“खेळताना काढत असेल,” मॅडम म्हणाल्या होत्या. “वाचताना लावतो ना? झालं तर मग.”

यंदाच्या स्नेहसंमेलनात तर त्यांनी माईकवरूनच अख्ख्या संघाला सुनावलं होतं. “दुसऱ्याच्या मेहनतीवर मिळालेली डिग्री म्हणजे भीक. नापास व्हा, पण स्वतःच्या हाताने व्हा!” टाळ्या कडाडल्या. राजूरकर सर तेवढे हाताची घडी घालून बसले होते.

आणि आता त्यांचा तोच लाडका मनोहर डमी बसवून मोकळा झाला होता! मॅडमना राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. शेवटचं वर्ष, भरती तोंडावर आलेली. पोराचा धीर सुटला असणार.

त्यांनी उत्तरपत्रिका ओढून घेतली. अक्षर वेडंवाकडं, जागोजागी खाडाखोड. मागणी-पुरवठ्याच्या प्रश्नाला पुस्तकातलं उत्तर नव्हतंच. कारखान्याचा पगार झाला की टाउनशिपच्या बाजारात भाजी का महागते, ते लिहिलं होतं. तसं उत्तर चूक नव्हतं. पण डमीसुद्धा धड मिळाला नाही याला, असं मॅडमच्या मनात आलं.

“मॅडम, पेपर पूरा करू द्या ना,” मुलगा हळूच म्हणाला. “मग काय करायचं ते करा. मैंने सच में पढ़ा है, मॅडम. खूप वाचलंय.”

“दुसऱ्याच्या नावावर बसायला वाचलंस, आणि ते वर सांगतोस मला?”

त्यांनी राजूरकर सरांना बोलावणं धाडलं. सर आले.

“खेळाडूंचे फॉर्म आणि फोटो तुमच्याच ऑफिसातून जातात, म्हणून विचारते,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या संघातला आहे हा?”

राजूरकर सरांनी फोटो पाहिला. मुलाकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला.

“फोटोतला आहे तो आमचा मनोहर,” ते म्हणाले. “हा कोण, मला माहीत नाही.”

मुलाने झटकन मान वर केली. “सर?”

सर खिडकीबाहेर बघत होते. मुलाने पेन उघडलं. सांगितलं तिथे सही केली आणि निघून गेला. मनोहर धोटेवर परीक्षाबंदीची केस झाली. यंदाची डिग्री गेली आणि तिच्याबरोबर कारखान्याची भरतीही.

संध्याकाळी सरोज मॅडम धोट्यांच्या क्वार्टरवर गेल्या. जे काही सांगायचं ते तोंडावर, ही त्यांची शिस्त होती.

दार मनोहरच्या आईने, इंदुमतीबाईंनी उघडलं. नाव ऐकताच बाईंचा चेहरा फुलला.

“अगबाई, तुम्हीच का त्या मॅडम? बसा न! रोज तुमचं नाव निघते आमच्या घरात. पहिले पुस्तकाला हात नाही लावायचा पोरगा. तुमचं ते भाषण ऐकून आला, अन् स्टिक ठेवली कोपऱ्यात. त्याचा एक हुशार मित्र आहे, तो चष्मेवाला रमेश. त्याच्यापाशी बसून बसून वाचलं यंदा.” त्यांनी पदराने खुर्ची पुसली. “यांचं रिटायरमेंट आलं. भरती नाही झाली तर क्वार्टर खाली करा लागते. पण मला काही भेव नाही. आज पेपर देऊन आला, तवापासून जेवला नाही. दमला असन.”

मॅडमचा राग पुन्हा उसळला. आईच्या डोळ्यांतही धूळ फेकली होती त्या मुलाने! या भोळ्या बाईला आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

“बोलवा त्याला बाहेर,” त्या कोरडेपणाने म्हणाल्या. “त्यानेच सांगू दे तुम्हाला.”

“मनोहर! अरे मनोहर, पाह्य कोण आलं तर!”

आतल्या खोलीचा पडदा सरकला. सकाळचाच तो आडव्या खांद्यांचा मुलगा बाहेर आला आणि मुकाट्याने मॅडमच्या पाया पडला.